जुन्या कॉम्प्युटरला नवं ग्राफिक्स कार्ड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सहा-आठ वर्षांपूर्वी हौसेने जुळवलेला कॉम्प्युटर. रोजची कामं अजूनही बिनतक्रार करतो, पण नवा गेम टाकला की पडद्यावर चित्रं एकामागून एक सरकताना मोजता येतात. अशा वेळी माणूस थेट ग्राफिक्स कार्ड शोधायला लागतो, आणि तिथेच गडबड होते. कार्ड आधी येतं आणि मग कळतं की एसएमपीएसला (सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याला) पिना नाहीत, कॅबिनेटमध्ये जागा नाही किंवा प्रोसेसरच थकलाय. म्हणून खाली क्रम जरा उलटा ठेवला आहे: आधी बाकीचा कॉम्प्युटर, मग कार्ड.

गेम अडकतोय. दोष ग्राफिक्स कार्डाचाच आहे हे कसं ओळखायचं?

मोजून. एमएसआय आफ्टरबर्नरसारखं एखादं फुकट सॉफ्टवेअर टाका आणि गेम चालू असताना पडद्याच्या कोपऱ्यात चार आकडे दिसतील असं करा: ग्राफिक्स कार्डाचा वापर, कार्डाची मेमरी, प्रोसेसरचा वापर आणि सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं. कार्डाचा वापर सतत ९५ टक्क्यांच्या वर आणि फ्रेम कमी, तर कार्ड जीव तोडून काम करतंय आणि तेच कमी पडतंय. कार्ड साठ-सत्तर टक्क्यांवर निवांत बसलंय आणि तरीही फ्रेम कमी, तर ते कोणाची तरी वाट बघतंय. बहुधा प्रोसेसरची.

प्रोसेसरचा आकडा मात्र फसवा असतो. टास्क मॅनेजरमध्ये ३५ टक्के दिसलं म्हणून प्रोसेसर मोकळा आहे असं समजू नका. प्रोसेसरमध्ये स्वतंत्रपणे काम करणारे अनेक कोअर असतात आणि गेमचं मुख्य काम बऱ्याचदा एक-दोन कोअरवरच पडतं. ते पूर्ण भरलेले असतात, बाकीचे रिकामे असतात आणि सरासरी कमी दिसते. प्रत्येक कोअरचा आलेख वेगळा करून बघा.

आकड्यांत पडायचं नसेल तर एक सोपी चाचणी आहे. गेमचं रिझोल्यूशन १०८०पी वरून ७२०पी वर आणा. फ्रेम भराभर वाढल्या तर कार्ड दोषी. तेवढ्याच राहिल्या तर नवं कार्ड आणूनही तेवढ्याच राहतील, कारण घोडं दुसरीकडेच पेंड खातंय.

अडकणंही दोन प्रकारचं असतं. सगळंच एका संथ लयीत चालत असेल तर ती ताकदीची कमतरता. एरवी छान चालून मधूनच अर्धा सेकंद थिजत असेल, तर आधी रॅम आणि हार्ड डिस्क बघा. ८ जीबी रॅम आणि फिरणारी हार्ड डिस्क असलेल्या कॉम्प्युटरला आधी १६ जीबी रॅम आणि एसएसडी द्यावी, असं माझं ठाम मत आहे. बरेच नवे गेम गरजांच्या यादीत एसएसडी मागतातच. आणि रॅमची एकच पट्टी असेल तर तसलीच दुसरी जोडून दोन चॅनेल चालू करा. प्रोसेसर अडखळत असलेल्या गेममध्ये एवढ्यानेही फरक दिसतो.

माझ्या जुन्या मदरबोर्डात आजचं कार्ड बसेल का?

खाचेत बसेल. कार्डाच्या या खाचेला, म्हणजे स्लॉटला, पीसीआय एक्सप्रेस म्हणतात आणि तिच्या सगळ्या पिढ्या एकमेकींशी जुळवून घेतात. चौथ्या पिढीचं कार्ड तिसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये चालतं, फक्त वेग तिसऱ्या पिढीचा मिळतो. सोळा पदरी (सोळा लेनच्या) स्लॉटमधून तिसऱ्या पिढीत सेकंदाला साधारण १६ जीबी जातात, चौथ्या पिढीत त्याच्या दुप्पट. बहुतेक गेमना १६ जीबीचा रस्ता पुरून उरतो.

खरी खोच इथे आहे की मधल्या आणि खालच्या दर्जाची बरीच नवी कार्डं स्लॉट पूर्ण भरतात, पण सोळाच्या सोळा पदर वापरत नाहीत. एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०६० आठच पदर वापरतं. एएमडीचं रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटी तर चारच. चौथ्या पिढीच्या बोर्डावर हे जाणवत नाही. तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर ६५०० एक्सटीला सेकंदाला जेमतेम ४ जीबीचा रस्ता उरतो. वर त्याची स्वतःची मेमरीही चारच जीबी, म्हणजे ती भरली की सारखं रॅमकडे धावायचं आणि तेही या अरुंद बोळातून. जुन्या कॉम्प्युटरवाल्यांसाठी म्हणून विकलं जाणारं कार्ड जुन्या कॉम्प्युटरवरच सगळ्यात वाईट चालावं, हा विनोद मला अजून पचलेला नाही. आरटीएक्स ४०६० चं नुकसान तिसऱ्या पिढीत सहसा किरकोळ असतं. मेमरी भरली तरच ते ठसठसतं.

तुमचा बोर्ड कोणत्या पिढीचा? इंटेलमध्ये तिसरी पिढी २०१२ च्या आयव्ही ब्रिज प्रोसेसरपासून आणि चौथी २०२१ च्या अकराव्या पिढीच्या कोअर प्रोसेसरपासून आली. एएमडीत २०१७ चे रायझन तिसऱ्या पिढीचे आणि २०१९ चे रायझन ३००० चौथ्या पिढीचे, पण त्यासाठी बोर्डही एक्स५७० किंवा बी५५० हवा. आणि आतच ग्राफिक्स असलेले २२००जी, ३४००जी यांसारखे रायझन असतील, तर ते कार्डाला आठच पदर देतात.

बोर्ड २०१२ च्या आधीचा असेल तर आणखी एक गोष्ट. त्या काळच्या बोर्डांत जुनं बायोस (बोर्ड सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) असतं, त्याची जागा घेणारं यूईएफआय नसतं, आणि काही नवी कार्डं अशा बोर्डावर पडदाच उजळवत नाहीत. बोर्ड बनवणाऱ्याच्या साइटवर शेवटचं बायोस अपडेट आहे का ते बघा आणि कार्ड घ्यायच्या आधीच टाकून ठेवा.

एसएमपीएस पुरेल का?

या प्रश्नाला मी सगळ्यात जास्त वेळ देतो, कारण चुकीचं कार्ड आणलं तर फार तर पैसे वाया जातात. चुकीचा एसएमपीएस कार्डासकट बोर्डही घेऊन जातो. माझ्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये कॅबिनेटबरोबर आलेला एक हलका, निनावी एसएमपीएस होता. नवं कार्ड लावलं, दोन दिवस गेम मस्त चालला, तिसऱ्या दिवशी फट्ट असा आवाज आणि खोलीभर जळका वास. कार्ड वाचलं, बोर्ड गेला.

आधी हिशेब. स्लॉटमधून कार्डाला ७५ वॉटपर्यंत वीज मिळते. सहा पिनांची वायर आणखी ७५ देते, आठ पिनांची १५०. कार्ड किती खातं ते बनवणाऱ्याने लिहिलेलं असतं: आरटीएक्स ४०६० ला ११५ वॉट, आरटीएक्स ३०६० ला १७०, रेडिऑन आरएक्स ७६०० ला १६५. त्यात प्रोसेसरचे सत्तर ते सव्वाशे आणि बोर्ड, पंखे, डिस्क यांचे पन्नासेक मिळवा. मग वर निदान तिसरा हिस्सा मोकळा ठेवा, कारण कार्ड क्षणभरासाठी आपल्या ठरल्या आकड्याच्या बरंच वर उसळी मारतं.

आता एसएमपीएसच्या अंगावरचं लेबल वाचा. मोठ्या अक्षरांतला '५००' विसरून जा आणि १२ व्होल्टचा रकाना शोधा. कार्ड आणि प्रोसेसर दोघंही तिथलंच खातात. तिथे २५ अँपिअर लिहिलं असेल तर १२ गुणिले २५, म्हणजे ३०० वॉट. तुमचा पाचशेचा एसएमपीएस कामाच्या बाजूने तीनशेचा निघाला. चांगल्या एसएमपीएसमध्ये जवळपास सगळी ताकद १२ व्होल्टवरच दिलेली असते.

८० प्लसचा शिक्का वीज किती वाया जाते ते सांगतो, आतला माल किती टिकाऊ आहे ते सांगत नाही. वयही बघा. आठ-दहा वर्षं रोज चाललेला एसएमपीएस कागदावर पुरत असला तरी मी त्यावर नवं कार्ड टांगणार नाही.

आठ पिनांची वायर नसेल तर डिस्कच्या जुन्या चार पिनी वायरींपासून आठ पिनी बनवणारे जोड मिळतात. घेऊ नका. ज्या एसएमपीएसला आठ पिनी वायरच दिलेली नाही, तो असलं कार्ड चालवायला बनलेलाच नाही, हे त्याने स्वतःच सांगितलंय. आणि एसएमपीएस बदलताना त्याच्या सगळ्या वायरीही बदला. ज्यांच्या वायरी सुट्या निघतात अशा एसएमपीएसमध्ये त्या टोकाच्या पिनांची रचना प्रत्येक कंपनीची वेगळी असते. जुनी वायर नव्या एसएमपीएसला अगदी छान बसते आणि मग डिस्क जाळते.

एसएमपीएस बदलायचाच नाही. काही मार्ग?

आहे. केवळ स्लॉटच्या ७५ वॉटवर चालणारी, वेगळी वायर न मागणारी कार्डं शोधा. जीटीएक्स १०५० टीआय, जीटीएक्स १६५०, २०२४ चं ६ जीबीवालं आरटीएक्स ३०५० आणि रेडिऑन आरएक्स ६४०० या वर्गातली. यांतलं ३०५० सगळ्यात दमदार, ७० वॉटमध्ये. मात्र काही उत्पादक १०५० टीआय आणि १६५० ला वेग थोडा वाढवून सहा पिनांची जागा देतात, तेव्हा घेताना कार्डाची कड फोटोत नीट बघा. आरएक्स ६४०० चारच पदर वापरतं, त्यामुळे वर सांगितलेलं रडगाणं त्यालाही लागू.

उलट, तुमच्याकडे एके काळचं भारी कार्ड असेल तर चिंता बरीच कमी होते. २०१३ चं जीटीएक्स ७८० तब्बल २५० वॉट खायचं. त्याच्या जागी ११५ वॉटचं कार्ड लावलं तर एसएमपीएसवरचा भार कमीच होणार.

माझा कॉम्प्युटर कंपनीने जुळवून दिलेला, ऑफिसातून निघालेला आहे. त्यात कार्ड टाकता येईल?

बघून. अशा बऱ्याच कॉम्प्युटरांत एसएमपीएसचा आकार आणि बोर्डाकडे जाणारी पिन कंपनीची स्वतःची असते, म्हणून बाहेरचा एसएमपीएस लावताच येत नाही. बारीक उभ्या कॅबिनेटमध्ये तर अर्ध्या उंचीचंच कार्ड मावतं. तिथे वरच्या उत्तरातली ७५ वॉटच्या आतली कार्डं हाच व्यवहार्य रस्ता, आणि तीही बुटक्या पट्टीसह मिळतील तीच.

कॅबिनेटमध्ये मावेल की नाही?

टेप घ्या आणि मागच्या पट्टीपासून समोरच्या पहिल्या अडथळ्यापर्यंत मोजा. जुन्या कॅबिनेटांत समोर हार्ड डिस्कचा पिंजरा असतो आणि तोच आडवा येतो. काही पिंजरे स्क्रू काढून निघतात. तीन पंख्यांची कार्डं ३०० मिलिमीटरच्या पुढे जातात, एका पंख्याची १७० च्या आसपास असतात. जाडीही बघा, अडीच-तीन स्लॉट व्यापणारं कार्ड शेजारच्या खाचा झाकून टाकतं. आणि वीज-वायरीला वळायला कार्डाच्या कडेवर दोन बोटं जागा सोडा.

प्रोसेसर जुना आहे. कार्ड कितीपर्यंत घ्यावं?

प्रोसेसर आणि कार्ड यांची नावं टाकली की "बॉटलनेक १७ टक्के", म्हणजे एकामुळे दुसरं किती अडतं, असं सांगणारी कॅल्क्युलेटरं इंटरनेटवर आहेत. त्यांच्याकडे दुर्लक्ष करा. असा एक ठरावीक आकडा अस्तित्वातच नसतो. एकाच कॉम्प्युटरवर एका गेममध्ये प्रोसेसर कमी पडतो, दुसऱ्यात कार्ड, आणि त्याच गेममध्ये शहरातून गाडी पळवताना प्रोसेसर तर जंगलात उभं राहिल्यावर कार्ड.

नियम असा लक्षात ठेवा: प्रोसेसर सेकंदाला जास्तीत जास्त किती फ्रेम तयार करून देणार हे ठरवतो, कार्ड त्या किती सुंदर रंगवणार हे ठरवतं. प्रोसेसरने पन्नासच दिल्या तर जगातलं महागातलं कार्डही साठ दाखवणार नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पण प्रोसेसर ऐंशी देत असेल आणि तुमचा मॉनिटर ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला साठच चित्रं दाखवणारा असेल, तर जुन्या प्रोसेसरचं रडगाणं गायचं कारण नाही. तिथे चांगलं कार्ड घेऊन सेटिंग वाढवा.

ढोबळ अंदाज हवाच असेल तर सांगतो. चार कोअर आणि चार थ्रेडचे (एका वेळी चारच कामं हाताळणारे) जुने कोअर आय५ आज बहुतेक मोठ्या गेममध्ये धापा टाकतात, त्यांच्यावर मधल्या दर्जाच्या वर जाऊ नका. सहा कोअर, बारा थ्रेडचे २०१८ नंतरचे प्रोसेसर अजून बरेच टिकलेत. एएमडीच्या एएम४ बोर्डाचे मालक नशीबवान. २०१७ च्या बऱ्याच बोर्डांवर बायोस अपडेट करून रायझन ५००० चे प्रोसेसर बसतात. तिथे कार्डाच्या बजेटमधला थोडा भाग प्रोसेसरकडे वळवणं शहाणपणाचं.

मॉनिटरही या हिशेबात येतो. १०८०पी मध्ये साधारण २०.७ लाख पिक्सेल, १४४०पी मध्ये ३६.९ लाख आणि फोर-केमध्ये ८२.९ लाख, म्हणजे १०८०पी च्या बरोबर चौपट. रिझोल्यूशन वाढलं की भार कार्डावर सरकतो, प्रोसेसरचं काम जवळपास तेवढंच राहतं.

कार्डाची मेमरी किती हवी?

१०८०पी साठी ८ जीबी ही आज खालची पायरी. १४४०पी किंवा पुढची चार-पाच वर्षं डोळ्यांपुढे असतील तर १२ किंवा १६. मेमरी पुरते तोवर जास्तीची मेमरी एकही फ्रेम वाढवत नाही. पण ती भरली की कार्ड रॅमचा आधार घेतं, आणि मग एक तर गेम हिसके देतो किंवा भिंतींवरचे पोत चिखलासारखे दिसायला लागतात.

म्हणून नुसता जीबीचा आकडा बघून कार्ड घेऊ नका. जीटी ७३० चे ४ जीबीवाले नमुने अजून दुकानांत दिसतात. ते कार्ड नव्या गेमना मुळीच झेपत नाही, त्याला चार काय नि चाळीस काय. मेमरीची जातही बघायची. जीटी १०३० हे एकाच नावाने दोन प्रकारांत आलं: २०१७ चं जीडीडीआर५ मेमरीचं, ज्याचा वेग सेकंदाला ४८ जीबी, आणि पुढच्या वर्षीचं साध्या डीडीआर४ चं, ज्याचा वेग १६.८. नाव तेच, डब्यातलं चित्र तेच.

नावातले आकडे कसे वाचायचे?

पहिले आकडे पिढी सांगतात, शेवटचे दोन त्या पिढीतला मान. आरटीएक्स ३०६० म्हणजे ३० ची पिढी, ६० चा मान. पिढी नवी म्हणजे वेग जास्त असं नाही. जुन्या पिढीचं ७० किंवा ८० नव्या पिढीच्या ५० ला सहज मागे टाकतं. २०१७ चं जीटीएक्स १०८० टीआय हे याचं ठळक उदाहरण, नुसत्या रंगवण्याच्या ताकदीत ते अनेक वर्षं नव्या मधल्या कार्डांच्या बरोबरीने धावलं.

शेपटांकडे लक्ष द्या. टीआय, सुपर, एक्सटी हे वरचे प्रकार. आणि नाव सारखं असूनही चिप वेगळी असू शकते: जीटीएक्स १०६० चं ३ जीबीवालं कार्ड मेमरीतच कमी होतं असं नाही, त्यात कोअरही १२८० ऐवजी ११५२ होते. आरटीएक्स ३०५० चं ८ आणि ६ जीबी हीसुद्धा दोन वेगळी कार्डंच.

जुनं पण दणकट कार्ड स्वस्तात मिळतंय. घेऊ का?

काय खेळणार यावर आहे. दोन-तीन वर्षांपूर्वीपर्यंत मी बिनधास्त हो म्हणायचो. आता तसं राहिलं नाही, कारण काही गेम ताकद बघतच नाहीत, थेट क्षमता मागतात. २०२४ च्या डिसेंबरात आलेल्या 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल'ला रे ट्रेसिंगची (प्रकाशकिरणांचा हिशेब करून उजेड-सावल्या रंगवण्याची) सोय असलेलं कार्डच लागतं, सेटिंग कितीही खाली आणा. पुढच्या वर्षीच्या 'डूम: द डार्क एजेस'चंही तेच. ही सोय एनव्हिडियात २०१८ च्या आरटीएक्स २० पासून आणि एएमडीत २०२० च्या आरएक्स ६००० पासून आहे. जीटीएक्स १०८० टीआय कितीही दणकट असलं तरी या दारातून आत जाऊ शकत नाही.

दुसरी गोष्ट ड्रायव्हरची. एनव्हिडियाने जीटीएक्स ९०० आणि १० या पिढ्यांसाठी नव्या गेमप्रमाणे जुळवलेले ड्रायव्हर २०२५ च्या ऑक्टोबरात थांबवले. आता त्यांना फक्त सुरक्षेपुरते अपडेट. कार्ड चालत राहील, पण नव्या गेममध्ये काही बिघडलं तर दुरुस्त करणारं कोणी नाही. जीटीएक्स १६ ची पिढी अजून यादीत आहे. तुमचे आवडते गेम जुने किंवा स्पर्धेचे हलके गेम असतील, तर यातलं काहीच तुम्हाला आडवं येत नाही आणि स्वस्तातलं जुनं कार्ड हा उत्तम सौदा ठरतो.

सेकंडहँड कार्ड घेताना काय तपासू?

चालू अवस्थेत बघितल्याशिवाय घेऊ नका. पंधरा-वीस मिनिटं एखादा जड गेम किंवा फरमार्क हे कार्डाला ताण देणारं सॉफ्टवेअर चालवून बघा. पडद्यावर रंगीत ठिपके, पट्ट्या किंवा लुकलुकणारे त्रिकोण दिसले तर मेमरी किंवा चिप आजारी आहे, किंमत कितीही उतरवली तरी उठून या. तापमान ८० ते ८५ अंशांच्या आत राहायला हवं. पंखे घरघरत नाहीत ना, ते कान लावून ऐका. पंखे आणि सुकलेली थर्मल पेस्ट बदलता येते, त्यामुळे फक्त तापमानाची तक्रार असेल तर ती घासाघीस करायला कामी येते.

जीपीयू-झेड हे छोटं फुकट सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर न्या. जुन्या कार्डाचं बायोस बदलून त्याला नव्या कार्डाचं नाव देण्याचा धंदा जोरात चालतो. ओळखता आलं तर हे सॉफ्टवेअर अशा कार्डाला खोटं असं स्पष्ट लिहितं. आणखी एक सापळा: पी१०६ नावाची कार्डं. आत जीटीएक्स १०६० चीच चिप, पण डिजिटल नाणी खोदण्यासाठी (क्रिप्टो मायनिंगसाठी) बनवलेली, मागे मॉनिटर जोडायला एकही जागा नाही.

खोदकामात वापरलेलं कार्ड म्हणजे वाया गेलेलं कार्ड, हा समज मला थोडा अतिरंजित वाटतो. २०२२ च्या सप्टेंबरात इथेरियमचं खोदकाम थांबलं आणि तशी कार्डं ढिगाने बाजारात आली. त्यातली पुष्कळ आजही चालतायत. एकाच स्थिर तापमानात चालत राहणं चिपला तितकं जाचत नाही, झिजतात ते पंखे आणि तापते ती मेमरी. तेच दोन तपासा.

इंटेलची आर्क कार्डं जुन्या कॉम्प्युटरला चालतील?

शक्यतो नको. कार्डं वाईट नाहीत. २०२४ अखेरचं बी५८० तर १२ जीबी मेमरीसह बऱ्यापैकी आहे. पण त्यांना रिसायझेबल बार नावाची, प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय बोर्डात हवीच, नसेल तर वेग बराच पडतो. इंटेल स्वतः आपल्या दहाव्या पिढीच्या कोअर किंवा रायझन ३००० पासून पुढचेच प्रोसेसर सुचवतं. शिवाय प्रोसेसर मंद असेल तर बी५८० ला त्याचा फटका इतरांपेक्षा जास्त बसतो. जुन्या कॉम्प्युटरसाठी एनव्हिडिया किंवा एएमडीच बरं.

बसवायचं कसं? दुकानात न्यायलाच हवं का?

नाही. स्क्रू ड्रायव्हर धरता येत असेल तर अर्ध्या तासाचं काम आहे. नव्या कार्डाचा ड्रायव्हर आधीच उतरवून ठेवा. कंपनी बदलत असाल तर जुना ड्रायव्हर डीडीयू या सॉफ्टवेअरने सेफ मोडमध्ये पुसून टाका. कंपनी तीच असेल तर मी सहसा एवढ्या फंदात पडत नाही.

मग कॉम्प्युटर बंद, मागचं बटण बंद, वायर काढलेली. पॉवरचं बटण एकदा दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्या आणि कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. जुन्या कार्डाचा स्क्रू काढा, वीज-वायर काढा आणि स्लॉटच्या टोकाचा खटका दाबून कार्ड सरळ वर ओढा. तो खटका विसरून ओढाताण करणारे स्लॉटच उखडतात. नवं कार्ड प्रोसेसरच्या सगळ्यात जवळच्या लांब स्लॉटमध्ये टक् असा आवाज येईपर्यंत दाबा, स्क्रू घट्ट करा, वायर लावा. दोन आठ पिनी जागा असतील तर एकाच वायरीची दोन तोंडं लावण्यापेक्षा दोन स्वतंत्र वायरी आणा. बारीक सोळा पिनांची नवी जोडणी असेल तर ती शेवटपर्यंत आत गेली आहे याची खात्री करा आणि तोंडाशीच वायर मुरगाळू नका. अर्धवट बसलेल्या जोडण्या वितळल्याच्या घटना २०२२ पासून ऐकू येतायत.

बसवलं, पण पडदा काळाच!

घाबरू नका. मॉनिटरची वायर कुठे लावलीय? नव्वद टक्के फोन मला याच कारणाने येतात: वायर बोर्डाच्या मागच्या जागेत असते, कार्डात नाही. मीही हे केलंय, तेही दुसऱ्याला तावातावाने समजावून झाल्यावर आठवड्याभरात.

तिथे ठीक असेल तर वीज-वायर बघा, मग कार्ड काढून पुन्हा बसवा. तरीही नाही तर जुनं कार्ड लावून बायोस अपडेट करा आणि यूईएफआयने सुरू होण्याची सोय चालू करा. मात्र तुमचं विंडोज जुन्या एमबीआर पद्धतीने टाकलेलं असेल तर ही सोय बदलल्यावर ते सुरूच होणार नाही, तेव्हा आधी डिस्कची पद्धत तपासा.

मॉनिटरला निळी व्हीजीए वायर आहे. चालेल?

थेट नाही, नव्या कार्डांवर ती जागाच नसते. डिस्प्लेपोर्ट किंवा एचडीएमआयवरून व्हीजीए करणारा सक्रिय जोड घ्यावा लागेल. पण एवढं कार्ड घेऊन व्हीजीए मॉनिटरवर खेळणं म्हणजे फारच काटकसर झाली.

डीएलएसएस आणि एफएसआरमुळे जुनं कार्डच चालवून घेता येईल का?

काही काळ, हो. डीएलएसएस एनव्हिडियाचं, एफएसआर एएमडीचं; दोन्हींत गेम कमी रिझोल्यूशनवर रंगवला जातो आणि मग मोठा केला जातो. डीएलएसएसला आरटीएक्स कार्डच लागतं. एफएसआरच्या तिसऱ्या आवृत्तीपर्यंतचं बहुतेक कोणत्याही कार्डावर चालतं, जीटीएक्सवरसुद्धा. नवं कार्ड घ्यायच्या आधी आठवडाभर हे वापरून बघा. मात्र प्रोसेसर अडखळत असेल तर यातून काही निघणार नाही, कारण हलका होतो तो कार्डाचा भार.

मधल्या फ्रेम कल्पनेने भरणारं फ्रेम जनरेशन वेगळं. त्याने पडद्यावरचा आकडा फुगतो, पण तीस फ्रेमच्या गेमला साठ दाखवलं तरी हाताला तो तिसाचाच जड लागतो.

जुन्या कार्डाशेजारी दुसरं तसलंच लावून ताकद दुप्पट होईल?

नाही. एनव्हिडियाने एसएलआय या दोन कार्डं एकत्र चालवण्याच्या सोयीसाठी नवी जुळवणी देणं २०२१ च्या सुरुवातीलाच थांबवलं. आजच्या गेममध्ये दुसरं कार्ड नुसतं गरम होत बसेल.

लॅपटॉपचं कार्ड बदलता येतं का?

जवळपास कधीच नाही, चिप बोर्डावरच डाग दिलेली असते. थंडरबोल्ट ही वेगवान जोडणी असलेल्या लॅपटॉपला बाहेरून डबा लावून कार्ड जोडता येतं, पण त्या वायरीतून कार्डाची पूर्ण ताकद येत नाही आणि डब्याचे पैसे वेगळे.

सगळं नीट केलं. तरी वेग वाढला नाही असं वाटतंय.

मॉनिटर १४४ हर्ट्झचा असूनही विंडोजमध्ये ६० वरच राहिलेला असतो, तो बदला. गेममधलं फ्रेमचं बंधन आणि व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगाला बांधणारी सोय) बघा. गेम जुनी सेटिंग जपून ठेवतो, तेव्हा 'लो' वरच खेळत नाही ना, तेही बघा. यानंतर पहिल्या उत्तरातली चाचणी पुन्हा करा. सेटिंग वाढवताना पोत आधी वाढवा, मेमरी असेल तर ते जवळपास फुकट पडतात. सावल्या, धुकं आणि रे ट्रेसिंग शेवटी.

जुन्या कार्डाचं काय करू?

लगेच विकू नका. नव्याची परत करण्याची मुदत संपेपर्यंत तरी ठेवा. प्रोसेसरमध्ये आतलं ग्राफिक्स नसेल तर नेहमीसाठीच ठेवा: उद्या पडदा काळा झाला तर दोष कार्डाचा की बोर्डाचा, हे दोन मिनिटांत कळतं. मूळ डबा नसेल तर साध्या चकचकीत प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, बोर्डाबरोबर येणाऱ्या, स्थिर विजेपासून जपणाऱ्या करड्या पिशवीत घाला.